कॉम्प्युटरचं तोंड

आमच्या घरात टेबलफॅन एकच होता आणि तो कॉम्प्युटरचा होता. बाबा तळोज्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून सकाळी यायचे, आंघोळ करून आतल्या खोलीत चटईवर आडवे व्हायचे, आणि त्यांच्या उशापासून दोन हातांवर तो फॅन कॉम्प्युटरच्या डब्याला वारा घालत गुरगुरत असायचा. बाबांनी झोपेतच पाय लांब करून अंगठ्याने फॅन आपल्याकडे वळवला, की दादा कुठूनतरी उगवायचा आणि तो परत फिरवायचा. "बाबा, प्रोसेसर तापतो," एवढंच म्हणायचा. बाबा आठ तास भट्टीपुढे उभे राहून आलेले असायचे, पण प्रोसेसर तापतो म्हटल्यावर ते मुकाट कुशीवर वळायचे. तापणं म्हणजे काय हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ रूपेश. पनवेल स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये सहा महिने हार्डवेअरचा कोर्स केला आणि तो आमच्या घरातला शास्त्रज्ञ झाला. एकेक सुटा भाग मुंबईहून आणून त्याने तो कॉम्प्युटर आतल्या खोलीत स्वतः जोडला. पहिल्यांदा सुरू केला त्या दिवशी आळीतली पंधरावीस माणसं दारात उभी होती. पडद्यावर हिरवंगार कुरण आणि निळं आभाळ आलं. समोरच्या घरातले एक म्हातारे बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिले आणि म्हणाले, "गाव चांगला हाय. पन मानसं कुठं गेली?" दादा तीन दिवस त्यांच्याशी बोलला नाही.

मग नियम आले. चपला बाहेर काढायच्या. हात धुऊन बसायचं. खोलीत भजी खायची नाहीत, शिंकायचं नाही, आणि कीबोर्डवर वाकून हसायचं नाही, कारण थुंकी उडते. आईने आपली एक जुनी जरीकाठाची साडी फाडून मॉनिटरला झालर लावलेलं कव्हर शिवलं, डब्याला वेगळं, कीबोर्डला वेगळं, आणि उरलेल्या चिंधीतून माउसला बाळाच्या टोपऱ्यासारखं टोपरं. मी तेव्हा बारावीत होते. अभ्यासाच्या नावाखाली मला रोज अर्धा तास मिळायचा, त्यातली दहा मिनिटं कव्हरं काढण्यात आणि दहा मिनिटं घालण्यात जायची. मधल्या दहा मिनिटांत मी माझं नाव, दर्शना, चाळीस प्रकारच्या अक्षरांत लिहून बघायचे आणि त्यातलं कुठलं माझ्या स्वभावाला शोभतं याचा गंभीरपणे विचार करायचे. आता मला चाळिशीचा चष्मा लागलाय, माझा फोन गॅसच्या ओट्यावर पिठाने माखलेला पडलेला असतो, आणि माझी मुलगी तिचा फोन उशीखाली घेऊन झोपते. पण माझं आजही ठाम मत आहे, की यंत्राला कव्हर शिवणारी माणसं यंत्रावर जास्त प्रेम करत होती. आता आपण फक्त चार्ज करतो.

घरातल्या प्रत्येकाचं त्या कॉम्प्युटरविषयी आपलं एक मत होतं. बाबा दुपारी उठले की चहाचा कप नियमाप्रमाणे दाराबाहेर ठेवून पत्त्यांचा खेळ लावून बसायचे, आणि हरले की म्हणायचे, "ह्यानं एक्का दाबून ठेवलाय." कॉम्प्युटर लबाडी करत नाही हे दादाने त्यांना नाना परींनी समजावलं. बाबा ऐकून घ्यायचे आणि पुढच्या डावाला पडद्याकडे तिरकी नजर ठेवून खेळायचे. आईला टीव्ही अधिक पसंत होता. टीव्ही आपणहून बोलतो, मालिका आठ वाजता सुरू होते, त्यासाठी कुणाला हात धुवावे लागत नाहीत. कॉम्प्युटरला प्रत्येक गोष्ट विचारावी लागते, मग तो "तुम्हाला हे नक्की करायचंय का" असं उलट विचारतो. "नवी सून बरी," आई म्हणायची, "ती तरी एकदा सांगितलं की करते."

आमच्या घरात दुसरी मोलाची वस्तू म्हणजे फोन. मोबाइल आळीत दोनतीन जणांकडे आले होते, पण आखातातला फोन यायचा तो आमच्याच घरातल्या फोनवर. आमचा नंबर अर्ध्या आळीने आपापल्या नातेवाइकांना पी.पी. म्हणून दिलेला होता, म्हणजे फोन आमच्याकडे वाजायचा आणि ज्याचा असेल त्याला हाक मारायची. भिंतीला भिंत लागून रुखसानाचाचीचं घर होतं. तिचे यजमान युसूफचाचा कुवेतला वेल्डर होते. चाची पाच महिन्यांची पोटुशी असताना ते गेले, दोनदा रजा मिळता मिळता राहिली, आणि त्यांची मुलगी सना साडेतीन वर्षांची झाली तरी तिने बापाला पाहिलं नव्हतं. फोटोतले अब्बा तिला मान्य नव्हते. तिचे अब्बा म्हणजे आमचा फोन. दर शुक्रवारी दुपारी तो वाजायचा, चाची ओढणी सावरत धावत यायची, आधी विचारायची, "जेवलात?" आणि तिकडून आवाज यायचा, "हो, पोटभर." मग रिसिव्हर सनाच्या कानाला. शेवटी युसूफचाचा तिकडून रिसिव्हरवर बोटाने तीनदा टकटक करायचे, सना इकडून तीनदा करायची, आणि मगच फोन ठेवला जायचा. एरवीही ती येऊन फोनशी बोलत बसायची. एकदा थंडीत तिने त्याच्यावर माउसचं टोपरं घातलेलं मला आठवतंय.

म्हणून दादाने पहिल्यांदा इंटरनेट लावलं तेव्हा अनर्थ ओढवला. तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेतूनच यायचं. दादाने फोनच्या बुडाशी असलेली वायर उपटली आणि कॉम्प्युटरला लावली. सना दारात उभी होती. अब्बांची वायर उपटली म्हणून तिने जे भोकाड पसरलं, ते ऐकून बाबा झोपेतून उठून कारखान्यात स्फोट झाला का विचारायला लागले. आईने तिला कडेवर घेतलं आणि सांगितलं, "रडू नको गं. अब्बा आता ह्या डब्यात गेलं." तेवढ्यात मोडेमने आपली ती सुप्रसिद्ध किंचाळी सुरू केली, चीं-चीं-टुंग-टुंग-घर्रर्र, आणि सना एकदम गप्प झाली. अब्बा गाडीत बसले हे तिला पटलं. दादा म्हणाला की हे शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे. त्याचं कुणी ऐकलं नाही.

आता दसरा. आईचं माहेर उरणकडचं, मिठागरवाल्यांचं. तिच्या भावाचा मिठाचा ट्रक आहे. त्यांच्याकडे दसऱ्याला ट्रकला हार घालतात, हळदकुंकू वाहतात आणि पुढच्या जाळीला पेढा चिकटवतात. फावड्याच्या पात्यालाही चिमूटभर पेढा लावतात. जो आपल्यासाठी राबतो त्याच्या तोंडी पहिला घास, असा तो साधा हिशेब आहे, आणि आईने तो सासरीही सोडला नव्हता. तिच्या शिलाई मशीनला दर दसऱ्याला पेढा मिळायचा. त्या वर्षी घरात राबणारं नवीन माणूस कॉम्प्युटर होतं. दादा सकाळीच मित्रांकडे गेला होता. आईने कव्हरं काढली, मॉनिटरला झेंडूचा हार घातला, डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, कीबोर्डच्या एका कोपऱ्याला अगदी जपून अक्षता वाहिल्या. मग हातात पेढा घेऊन ती अडखळली. ट्रकला जाळी असते, फावड्याला पातं असतं. ह्याचं तोंड कुठं असेल ते तिने मला विचारलं. मी कौतुकाने डब्यावरच्या सीडी ड्राइव्हच्या बटणावर बोट ठेवलं आणि ड्रॉवर सरसरत बाहेर आला. आई इतकी खूश झाली की तिने आधी त्याला नमस्कारच केला. अर्धा पेढा तिने त्या ड्रॉवरवर ठेवला, अर्धा मी खाल्ला. नैवेद्य दाखवून काढून घ्यायचा, असं माझ्या मनात होतं. पण आईच्या मनात असं काही नव्हतं. "तोंड उघडल्यावर मंग रिकामं कसं ठेवायचं?" असं म्हणून तिने तळहाताने ड्रॉवर आत ढकलला, आणि आतून एक समाधानी घरघर ऐकू आली. आम्ही दोघी हसत सुटलो. मी त्याच वेळी तो काढायला हवा होता, हे मला कळत होतं. पण अर्धा पेढा माझ्याही पोटात होता, आणि हसू आवरत नव्हतं.

दोन दिवसांनी दादाला गाणी ऐकायची होती. बटण दाबलं तर ड्रॉवर उघडेना. आत नुसतं टिकटिक व्हायचं आणि बंद पडायचं. दादाने डब्याला कान लावला, टॉर्च मारला, आणि मोटर जळाली असं निदान केलं. आई चुलीकडे तोंड करून उभी राहिली. मी इकॉनॉमिक्सचं पुस्तक उघडलं. त्यानंतर चारपाच दिवसांनी लाल मुंग्यांची एक बारीक रांग टेबलाच्या पायावरून चढून डब्याच्या फटीत जायला लागली. याचंही दादाकडे उत्तर होतं. मुंग्यांना विजेची ऊब आवडते, असं तो आळीतल्या पोरांना समजावून सांगत होता. आई दर सकाळी गुपचूप हळदीची रेघ ओढायची. कबूल करायला आम्ही घाबरत होतो असं नाही, पण दादाचा तो मोटर जळाल्याचा सिद्धांत इतका छान झाला होता, की तो मोडावा असं कुणाला वाटेना. शिवाय घाई कसलीच नव्हती. नवी मोटर दिवाळीनंतर येणारच होती.

दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी युसूफचाचांचा फोन आला तेव्हा चाची माहेरी उरणला गेली होती. फोन दादाने घेतला. चाचा म्हणाले, उरणचा एक माणूस सुटीवर येतोय, त्याच्याबरोबर कॉम्प्युटरला लावायचा कॅमेरा पाठवलाय. ईदच्या दिवशी, आपल्या घड्याळात तीन वाजता, मी इथल्या कॅमेरा असलेल्या दुकानात बसेन, मला सना दाखव. ईद झाली की कंपनी आम्हाला आत वाळवंटातल्या साइटवर नेणार आहे, चार महिने तिथं फोनसुद्धा नाही. दादाने त्यांना चॅटिंगचं नाव अक्षर अक्षर करून अर्धा तास लिहवून दिलं. मग त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरात ईद बघितली, रविवारी होती. चाची परत आल्यावर त्याने तिला नीट निरोप दिला: रविवारी, तीन वाजता. कॅमेऱ्याबरोबर त्याची सीडी येईल, ती घातल्याशिवाय कॅमेरा चालत नाही, पण माझा मित्र रविवारी सकाळी नवीन ड्राइव्ह घेऊन येतोय, चिंता नको. असं सगळं त्याने दोन्ही हात कमरेवर ठेवून सांगितलं.

मग आमच्या घरात जी तयारी सुरू झाली ती लग्नघरात होत नाही. सनाचा हिरवा फ्रॉक आईच्या मशीनवर शिवला गेला. उरणच्या माणसाने कॅमेरा आणि सीडी आणून दिली. कॅमेऱ्यात मागची पोपडे आलेली भिंत दिसेल म्हणून तिथं आमची चांगली चादर टांगली. उजेड कुठून यावा यावर बाबांनी आणि दादाने ट्यूबलाइट तीनदा हलवली. सनाला खुर्चीवर बसवून रोज सराव व्हायचा, आणि ती प्रत्येक वेळी खुर्चीवरून उतरून कॉम्प्युटरच्या मागे अब्बा आले का ते बघून यायची.  एका दुपारी करंज्या लाटता लाटता चाचीने मला हळूच विचारलं, "दर्शू, त्या कॅमेऱ्यात माणूस बारीक झालेला कळतो का?" मी म्हटलं, कळत असावा. ती म्हणाली, "फोनवर विचारलं की पोटभर जेवलो म्हणतात. आवाजाला काय गं, आवाज जाडा असला की माणूस जाडा वाटतो. चार महिने आता आवाजसुद्धा नाही. एकदा डोळ्यांनी बघितलं ना, मग मी काढीन दिवस." मला तोवर हा सगळा सनाचा सोहळा वाटत होता. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो अर्धा पेढा आठवून हसू आलं नाही.

भाऊबीज शनिवारी होती. जेवणं उरकून दुपारी दोनला दादा पाटावर टोपी घालून बसला होता, मी ताटात निरांजन लावलं होतं आणि ओवाळणीत काय मिळणार यावर आमची घासाघीस चालली होती. चाची सनाला घेऊन आली. तिचा रोजा होता, पण चेहरा फुललेला होता. आई फराळाचं ताट सनापुढे ठेवत होती, तेव्हा चाची सहज बोलून गेली, "तिकडं काल चांद दिसला. त्यांची ईद आज. आमची उद्या. दरवर्षी त्यांची एक दिवस आधी असते. आज सुट्टी त्यांना, आराम करत असतील, आणि उद्या आपल्यासाठी परत दुकानात येणार बिचारे."

दादाच्या कपाळावर मी नुकतंच कुंकू लावलं होतं. त्याखालचा सगळा चेहरा पांढरा पडला. चाचीने विचारलं काय झालं. तो म्हणाला, "चाची, चाचा रविवार म्हणालेच नव्हते." मग काय म्हणाले होते? "ईदच्या दिवशी म्हणाले होते. रविवार मी कॅलेंडरात बघितला."

चाचीने वर बघितलं. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पन्नास मिनिटांनी कुवेतमधल्या कुठल्यातरी दुकानात एक माणूस आमची वाट बघत बसणार होता, आणि नंतर चार महिने काही नाही. दादाने मित्राला फोन लावला, तो बहिणीकडे ओवाळून घ्यायला अलिबागला गेला होता. दुकानं बंद. दादा डोकं धरून म्हणाला की मोटर जळालेली आहे, ती काही आता जिवंत होत नाही. तेव्हा आईने हातातलं ताट खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मोटर जळाली नाय. त्याच्यात पेढा हाय."

 दादा तिच्याकडे, मग माझ्याकडे, मग त्या हळदीच्या रेघेकडे बघत राहिला. एरवी त्या वाक्यावर आमच्या घरात महाभारत झालं असतं. पण ज्याने नुकताच कुवेतचा चंद्र पनवेलच्या कॅलेंडरात बघितला होता, त्याला पेढ्यावर बोलायला तोंड नव्हतं. तो फक्त म्हणाला, "पिन दे." आईच्या बांगडीला नेहमी दोनतीन सेफ्टी पिना अडकवलेल्या असायच्या. बाबांनी एक दातांनी सरळ केली. ड्रॉवरच्या खाली एक सुईएवढं भोक असतं, मोटर बंद पडली तर त्यात टोचून ड्रॉवर हाताने काढता येतो, हे दादाला सहा महिन्यांच्या कोर्समध्ये शिकवलं होतं आणि डब्याला धक्का लागेल या भीतीने त्याने ते कधी केलं नव्हतं. त्याने टोचलं. कट्ट झालं. ड्रॉवर बोटभर बाहेर आला. दादाने नखांनी धरून उरलेला ओढला, आणि दगडासारखा घट्ट झालेला, मुंग्यांनी अर्धा खाल्लेला पेढा टण् आवाज करत फरशीवर पडला. सनाने टाळ्या वाजवल्या.

आत कुठेतरी एक बारीक काचेचा डोळा असतो, त्याच्यावर खवा चढला होता. तो पुसायचा कशाने, यावर चर्चा करायला वेळ नव्हता. आईने ओवाळणीच्या ताटातली तुपात न भिजवलेली फुलवात उचलली, तिचं देठ पकडलं, आणि निरांजनाची काजळी पुसावी तशा सवयीच्या हलक्या हाताने आत घालून तो डोळा पुसला. एकदा, दोनदा. आईचा हात त्या कॉम्प्युटरला इतक्या आत लागलेला बघून दादाने डोळे मिटून घेतले होते. कॅमेऱ्याची सीडी घातली. आत खर्रखर्र झालं, खवा भाजल्याचा वास सुटला, पडद्यावर चूक आहे असं आलं. परत घातली. परत चूक. बाबांनी फॅन डब्याच्या तोंडाशी धरला. तिसऱ्यांदा आत काहीतरी सुरळीत गरगरलं आणि पडद्यावर हिरवी पट्टी इंचाइंचाने सरकायला लागली. आम्ही सगळे श्वास रोखून एका हिरव्या पट्टीकडे बघत होतो. आज माझी मुलगी व्हिडिओ दोन सेकंद अडकला तरी फोन आपटते, तेव्हा मला तिला त्या पट्टीसमोर एकदा उभं करावंसं वाटतं.

तीनला पाच कमी असताना दादाने बटण दाबून सीडी काढून ठेवली आणि फोनची वायर कॉम्प्युटरला लावली. सनाने या वेळी आक्षेप घेतला नाही. मोडेम किंचाळला, अब्बा गाडीत बसले. तीन वाजून चार मिनिटांनी चॅटिंगच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं: सना आहे का. त्या तारेतून चित्र आणि आवाज दोन्ही यायला जागा नव्हती. चित्र यायचं, तेही आठदहा सेकंदांनी एक, आणि बोलायचं ते टाइप करून. टाइप करायला मी बसले, कारण चाळीस प्रकारांत नाव लिहून माझा हात बसला होता. पोस्टाच्या तिकिटाएवढा एक चौकोन उघडला. आधी त्यात एक पांढरी टोपी दिसली. मग कपाळ. मग एक माणूस, गालांची हाडं वर आलेला, इस्त्रीच्या शर्टात, आमच्याकडे न बघता थोडा खाली बघत असलेला. चाचीने ओढणी तोंडाशी धरली. "बारीक झालेत," ती एवढंच म्हणाली.

सना पडद्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा अजिबात बदलला नव्हता. आम्ही सगळे तिला अब्बा, अब्बा म्हणून सांगत होतो. ती खुर्चीवरून उतरली, फोनपाशी गेली, रिसिव्हर कानाला लावला. फोन मुका होता. परत येऊन तिने जाहीर केलं, "हे अब्बा नाहीत. अब्बा बोलतात."

आता हे त्या माणसाला कसं लिहायचं? माझी बोटं थांबली. चाची म्हणाली, लिही, आहे ते लिही. मी लिहिलं. पुढचं चित्र आलं त्यात ते तसेच होते. त्यापुढचं आलं त्यात ते हसत होते की काय ते नीट कळेना. आणि त्यापुढच्या चित्रात सगळा चौकोन एका बोटाने भरून गेला होता. मग बोट नाही. मग परत बोट. मग नाही. मग तिसऱ्यांदा बोट. दहा दहा सेकंदांच्या अंतराने ते कॅमेऱ्याच्या काचेवर टकटक करत होते. सना मॉनिटरपाशी गेली, आणि दादाच्या सगळ्या नियमांवर पाणी सोडून चिवड्याच्या हाताने पडद्यावर तीनदा टकटक केली. मग वळून आपल्या आईला समजावून सांगितलं, "अब्बाच आहेत. आवाज फोनमध्ये राहिला."

त्यानंतर तिने खूप काही सांगितलं आणि मी घामाघूम होत टाइप करत राहिले. मांजर व्याली, फ्रॉक हिरवा आहे, रूपेशदादा टोपी घालून बसला होता. आणि मग, चाची दर शुक्रवारी विचारायची त्याच सुरात, तिने विचारलं, "अब्बा, जेवलात?" मी लिहिलं. फोनवर बोलताना माणूस सावध असतो, टाइप करताना नसावा. उत्तर आलं: अजून नाही, नमाज झाल्यावर थेट इथं आलो, तुमच्या साडेतीनला साइटची गाडी निघेल. मी ते मोठ्याने वाचून मोकळी झाले आणि मग जीभ चावली.  पण सनाने ऐकलं होतं. तिने फराळाच्या ताटातून एक शंकरपाळी उचलली, सगळी दुपार बघून शिकलेलं ते बटण दाबलं, सरसरत बाहेर आलेल्या ड्रॉवरवर ती शंकरपाळी नीट मधोमध ठेवली, आणि तळहाताने ड्रॉवर आत ढकलला.

दादाने तोंड उघडलं होतं. आईने त्याचा दंड धरला. मी भराभर लिहिलं: सनाने तुमच्यासाठी डब्यात शंकरपाळी टाकली आहे, चाचा, खा. आम्ही वाट बघत राहिलो. एक चित्र आलं, त्यात ते ओळ वाचत होते. दुसरं आलं, त्यात त्यांचा हात तोंडाशी होता. तिसरं आलं तेव्हा त्यांचा एक गाल फुगलेला होता, डोळे मिटलेले होते, आणि सना आनंदाने किंचाळली. तेवढ्यात लाइन तुटली. चौकोन तसाच राहिला. दादाने परत परत लावून बघितलं, मोडेम पुन्हा पुन्हा किंचाळला, पण तिकडे आता कुणी नव्हतं. साडेतीन वाजून गेले होते.

दादाने वायर काढून परत फोनला लावली आणि सवयीने कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला. काम नसताना तो कधीच चालू ठेवायचा नाही. सना म्हणाली, "थांब, अब्बांचं खाऊन होऊ दे." दादाने हात मागे घेतला, टेबलफॅन नीट डब्याकडे वळवला आणि बाहेर जाऊन बसला. शंकरपाळी त्याने दुसऱ्या दिवशी काढली, हसत काढली.

मी तिथंच राहिले, कारण माउस हलवला नाही तर पडद्यावर रंगीत मासे यायचे आणि चाचांचा चौकोन झाकला जायचा. दर मिनिटाला मी थोडा माउस हलवायचे. ऊन भिंतीवरून उतरलं. सना चटईवर बाबांच्या शेजारी झोपून गेली. रोजा सोडायची वेळ होत आली तशी चाची घरी जायला उठली, तर आई म्हणाली, "इथंच सोड ना रोजा. तो पन तितं जेवतोय."  चाची घरी जाऊन एका वाटीत तीन खजूर आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली, हात धुतले, चपला बाहेर काढल्या, आणि पडद्यासमोरच्या खुर्चीवर बसली. मशिदीतून अजान झाली. गाल फुगवून बसलेल्या त्या बारीक माणसाकडे बघत तिने पहिला खजूर तोंडात घातला. चार वर्षांत ती दोघं पहिल्यांदा एकत्र खात होती. ती हळूहळू चावत होती, मी तिच्याकडे बघत नव्हते, फक्त माउस हलवत होते.